विकतचा ठोका

आखाडा बाळापूर
रविवार, २ मार्च २०२५

पेमादादांना देविदासचा जय सेवालाल.

आज सकाळी सातला कामावर निघालो. एका शिवारात हळद शिजवण्याच्या कुकरजवळून गेलेली वायर धुराने कडक होऊन तुटली होती, ती बदलली. दहाला घरी आलो. पुजाने पिठलं-भाकरी केली होती, जेवलो. दुपारी झोप आली नाही म्हणून लिहायला बसलो.

काल पुजाचा साखरपुडा झाला. तुम्ही आला नाहीत. तुमचा गुडघा दुखतो, असं तुमच्या मुलाने सांगितलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवावा असं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. आपल्या दोघांमधलं बोलणं आजवर रुख्मिणीच करायची. तुमचं मला सांगायची, माझं तुम्हाला. ती जाऊन पावणेनऊ महिने झाले.

लग्न सोळा मेला धरलं आहे. वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, असं तांड्यातल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुलगा प्रेमदास चव्हाण, कळमनुरीला औषधाच्या दुकानात आहे. वडील तातेराव. माणसं बरी आहेत.

एक फजिती झाली ती सांगतो. पुजाची मैत्रीण दिपा बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते आणि लग्नासाठी डीजेची मिक्स करून देते. म्हणजे गाणी एकमेकांत गुंफून, मागे ठोका लावून. त्याचे ती पैसे घेते. पुजा म्हणत होती साखरपुड्यालाच एक करून घेऊ. मी म्हणालो, फोनवर फुकट मिळतं ते विकत कशाला? मीच 'लग्न स्पेशल' म्हणून एक शोधलं आणि स्पीकरला जोडून दिलं.

चार मिनिटं बरं चाललं. मग गाणं मधेच थांबलं आणि एक जाड आवाज ओरडला, "नवरदेव कैलासशेठ आणि पुजाताई यांच्या शुभविवाहानिमित्त!" कुठल्या तरी कैलासने स्वतःच्या लग्नासाठी पैसे देऊन ते करून घेतलं होतं. त्याच्या नवरीचं नावही पुजाच निघालं.

मुलाची आजी भिकाबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "पुजा तर ही बसली. कैलास कुठाय?"

मग तिने माझ्याकडे मान वळवली.

"न्हाई, आधीच ठरलेलं असंल तर आत्ताच सांगा. आमी चहा पिऊन जातो."

मी घाईत वायर ओढली. ती पंख्याची निघाली. स्पीकर बॅटरीवरचा होता. पंखा बंद पडला आणि कैलासशेठ चालूच राहिले. तातेराव पोट धरून हसू लागले म्हणून निभावलं.

तरी माझं मत बदललेलं नाही. दुसऱ्यांची गाणी एकापुढे एक लावायची आणि पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. तुमचं मत कळवा. आणि लग्नाला चार दिवस आधी या. मामा म्हणून तिच्यामागे तुम्हालाच उभं राहायचं आहे.

आपला,
देविदास


नरसी नामदेव
९ मार्च

दाजी, जय सेवालाल.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. घरात समदे माझ्याशी ओरडून बोलतात. सून मला चहा घ्या म्हणते तर शेजारचा येऊन बसतो. कागदावर कुणी ओरडत न्हाई. तुमी आसंच लिहीत जा.

कैलासशेठचं वाचून मी दुकानात एकटाच हसून राहिलो. गिऱ्हाईक प्रसादाची पुडी हातात घेऊन उभं, अन् मी हसतोच आहे. पोरगं विचारते काय झालं. न्हाई सांगितलं. भिकाबाईला माझा नमस्कार सांगा. बाई हिशोबाची पक्की आहे.

तुमी मत विचारलं म्हणून सांगतो. मी वीस साल वारंगा फाट्याजवळच्या क्रशरवर काढले. दगड डोंगराचा, फुकट. पण रस्त्यात टाकायचा म्हटलं की फोडून, चाळून, एका मापाचा करून लागतो. त्याचेच आमाला पैसे भेटत होते. माझे कानबी त्यातच गेले. तवा ती पोरगी चाळून देत असंल तर तिला पैसे द्या. कैलासनं दिले ना? तुमच्या पुजाचं लग्न काहून त्याच्या उष्ट्यावर करता?

आता दुसरं. लग्नाला मी येणार न्हाई. पोरगं अन् सून मामाची साडी घेऊन येतील. माझ्या जागी पोरग्याला उभं करा. गुडघा बरा आहे. काहून येत न्हाई ते विचारू नका. पुजाला माझा आशीर्वाद.

पेमा


आखाडा बाळापूर
२० मार्च

पेमादादा,

तुम्ही विचारू नका म्हणालात, म्हणून विचारत नाही. पण मला समजलं आहे. सख्खी बहीण जाऊन वर्ष झालं नाही आणि दाजी डीजे लावायच्या गोष्टी करतो, हे तुम्हाला लागलं असणार. तुम्ही भल्या मनाने 'पैसे द्या' लिहिलंत, तरी मनात ते असणार. मलाही ते बरोबर वाटत नव्हतं. घरातला रेडिओ मी जूनपासून लावलेला नाही. ती तो दिवसभर मोठ्याने लावून ठेवायची.

म्हणून काल मी सगळं बंद केलं. डीजे नाही, मिक्स नाही, बँडही नाही. अक्षता आणि जेवण. आता तुम्ही यायला हरकत नाही.

पुजा माझ्याशी बोलते, पण भाकरी वाढण्यापुरतं.

दिपाला मीच सांगायला गेलो होतो. ती कुणाचा तरी सातबारा झेरॉक्स करत होती. नको म्हणून सांगितलं आणि जाता जाता बोलून गेलो, "तसंही गाणं दुसऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा, मशीन कंपनीची. यात तुझं काय आहे ग?"

ती मान वर न करता म्हणाली, "काका, तार कंपनीची, खांब कंपनीचा, वीजबी कंपनीची. तुमचं काय आहे?"

मी म्हणालो, "जोड माझा असतो. जोड कच्चा राहिला तर गाव अंधारात जातं."

"मग?" ती म्हणाली, आणि सातबारा पालथा घातला.

सातबाऱ्यावाला माणूस इतका हसला की त्याचे सुटे पैसे खाली पडले. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे जरा खोकल्यासारखं झालं. असो. ते आता संपलं.

कधी येता ते कळवा.

देविदास


नरसी नामदेव
२९ मार्च

दाजी,

हे काय करून बसले तुमी!

मला राग आला म्हणून कुणी सांगितलं तुमाला? मी लिहिलेलं तुमी वाचत न्हाई, न लिहिलेलं वाचता. आता मलाच सांगावं लागते. कुणाला सांगितलं न्हाई, पोरग्यालाबी न्हाई.

मला मंगलाष्टक ऐकू येत न्हाई. बायकांची गाणी येत न्हाईत. लोकांचे ओठ हलतात, मी मान हलवतो. साऱ्या लग्नात एकच गोष्ट माझ्यापत्तोर पोचते, ते डीजेचं बेस. बॉक्सच्या जवळ उभा राहिलो की ठोका छातीत लागते, पायात लागते. मग मला कळते की हां, लग्न चालू आहे. गाणं कोणतं ते कळत न्हाई, पण नगाऱ्यावर नाचलेला मानूस मी, ठोका भेटला की पाय सापडते.

मागच्या सालात ग्यानबाच्या पोराचं लग्न होतं. मी नाचत होतो. आजकालच्या मिक्समधी ठोका मधेच तोडतात, पोरं हात वर करून थांबतात, मग धाडकन चालू. ते मला न्हाई कळलं. ठोका गेला तरी मी डोळे मिटून जुन्याच मापानं नाचत राहिलो. डोळे उघडले तर समदे उभे, मधी मी एकटा. दोनशे मानूस हसत होतं. एक पोरगं फोनवर काढून राहिलं होतं.

गाणं थांबलं होतं, दाजी. मला कुणी हात लावून सांगितलंबी न्हाई.

तवापासून मी लग्नाला जात न्हाई. पुजाच्या लग्नात मामा हसण्याची वस्तू होऊ नये, म्हणून न्हाई म्हणालो. एवढंच होतं. अन् तुमी ठोकाच बंद केला! आता आलो तर मी काय पाहू, ओठ?

रुख्मिणी माझी बहीण होती. बाप वरडायचा तरी थाळी वाजवत ती पुढं नाचायची. तिच्या लेकीचं मुकं लग्न लावू नका. मी येतो न येतो ते सोडा. पोरीला नाचू द्या.

पेमा


आखाडा बाळापूर
२२ एप्रिल

पेमादादा,

उत्तराला उशीर झाला. काम चालू होतं, ते सांगतो.

तुमचं पत्र मी पुजाला दाखवलं नाही, पण थोडं सांगितलं. क्षमा करा. ती उठून दिपाकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी दिपाने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "काका, मला मिक्स कुठं तोडायचं नाही ते सांगा." मी म्हणालो, मला गाण्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

तिने माझ्या कानात कापूस घातला, वरून मफलर बांधला. एप्रिलात. दुकानाच्या मागे बेसचा बॉक्स ठेवला आणि माझा तळहात त्यावर. असे आम्ही पाच-सहा संध्याकाळी बसलो. येणारे-जाणारे विचारायचे, वायरमनचे दात दुखतात का? दिपा सांगायची, "अक्कलदाढ येऊन राहिली."

पहिल्या दिवशी मला नुसतीच थरथर लागली. तिसऱ्या दिवशी ठोका वेगळा कळू लागला. मी हात उचलला की ती समजायची, इथे तुटलं. मग ते परत. ती एका ठिकाणी रात्रीत सोळा वेळा बदल करून आली होती. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन्हींचं माप जुळेपर्यंत ती खालून नगारा चालू ठेवते. तो नगारा फुकटचा नाही, आपल्या तांड्यातल्या दगडोबाकडून तिने वाजवून घेतला आहे.

मी आयुष्यभर तारेचे जोड दिले. दुसऱ्याचा जोड बघून मान डोलावी असं फार वेळा झालं नाही. या वेळी झालं.

आता नीट वाचा. मिक्स बावीस मिनिटांचं आहे. सुरुवातीला पाच जड ठोके, म्हणजे चालू झालं. पुढे एकाच मापाचा नगारा, तो कुठेही थांबत नाही. पंधराव्या मिनिटाला माप जलद होतं, पण हळूहळू, चढ चढल्यासारखं. आणि संपायच्या आधी तीन ठोके, सावकाश, एकेक मोजता येईल असे. तिसऱ्यानंतर बंद. तेव्हा सगळे थांबतील आणि तुम्हीही थांबाल. हा कागद खिशात ठेवून या.

वरात दिवसाच आहे, चारला. तांड्यात दोघीतिघी कुजबुजल्या, वर्षाच्या आत वाजवतात म्हणून. मी सांगितलं, मुलीच्या मामाने वाजवायला सांगितलं आहे. तेवढ्यावर भागलं.

पैसे मी देणार आहे. कबूल करतो, किंमत योग्य आहे.

देविदास


नरसी नामदेव
२ मे

दाजी,

कागद पाठ झाला. पाच जड, मग चालू. तीन सावकाश, मग बंद. सून म्हणते सासरे बोटं मोजून काय करून राहिले.

येतो. बारा तारखेला येतो.

पण मिक्सचे पैसे तुमी द्यायचे न्हाईत. मामाचा आहेर मामा ठरवते. साडी समदेच देतात. आमच्या खानदानात ठोका कुणी दिला न्हाई आजपत्तोर. तुमी दिले तर मी जेवणार न्हाई, आत्ताच सांगतो.

पेमा


नरसी नामदेव
२० मे

दाजी, पुजाचे मामा सुखरूप पोचले.

लग्न बेस झालं. पाय दोन दिवस सुजले होते, सून तेल लावून राहिली. मी म्हणालो लाव, आनखी लाव, तुमच्या अन् रुख्मिणीच्या लग्नानंतर बत्तीस सालानं सुजले आहेत.

मला काय काय भेटलं ते सांगतो, कारण तिथं गर्दीत सांगता आलं न्हाई. पाच ठोके लागले तवा मी टेम्पोच्या बाजूलाच होतो. छातीचं दार कुणी वाजवलं असं झालं. पुजा नवरीच्या कपड्यात येऊन माझा हात धरून उभी राहिली. भिकाबाई पुढं आली अन् मला काही तरी बोलली. ओठावरून वाटलं, "कैलास तुमीच का?" खरं आहे का ते कळवा.

मी डोळे मिटून नाचलो, दाजी. तुमच्या कागदावर भरोसा ठेवून. तीन ठोके आले, एक, दोन, तीन, अन् मी थांबलो. डोळे उघडले तर समदे माझ्यासंगंच थांबलेले. कुणी हसत न्हाई. हसत होते, पण ते हसणं येगळं.

आता दिपाला एक सांगा. मिक्समधी मधी एक तुकडा आहे, मारुतीच्या पाराजवळ आपन वळलो तिथं. तिथं ठोका जरा वाकडातिकडा आहे, कच्चा आहे, पण लई जिवंत आहे. हातानं वाजवल्यावानी. समद्या मिक्समधी तो सगळ्यात भारी. कागदावर तुमी ते लिहिलं न्हाई. त्या तुकड्याचे पैसे येगळे असले तर कळवा, पाठवतो.

त्याच वक्ताला मी जरा डोळे उघडून पाहिलं. तुमी दोन्ही हातानं टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारत नाचत होते, टोपी पडलेली. बहीण गेल्यावर तुमाला असं पाहीन असं वाटलं नव्हतं. मी परत डोळे मिटले. म्हणालो, आता काही फिकीर न्हाई.

पेमा


आखाडा बाळापूर
रविवार, २५ मे

पेमादादा,

पत्र मिळालं. पुजा आणि प्रेमदास दोन दिवस माहेरपणाला आले होते, ते काल कळमनुरीला परत गेले. घरात आता कुणी नाही.

आधी भिकाबाईंचं. तुम्ही ओठ बरोबर वाचले. ती तेच म्हणाली.

पैशांचं. मी दिपाला दहा मेला पैसे दिले. लग्नानंतर कळलं की तुमची मनीऑर्डर तिला पाच तारखेलाच मिळाली होती आणि खाली लिहिलं होतं, 'दाजीला सांगू नये.' मी तिला विचारलं, "दोघांकडून कसे घेतलेस?" ती म्हणाली, "काका, दोन मिक्स केलेत ना. वरचं ऐकणाऱ्यांचं, खालचं मामांचं. एकाच फाईलमध्ये घातले म्हणून काय झालं?" दोनदा पैसे गेले आणि तरी महाग वाटत नाही. तुम्हाला परत हवे असतील तर तुम्हीच तिच्याशी बोला. मी त्या दुकानात आता वाद घालत नाही.

आता त्या तुकड्याचं. सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

तो तुकडा मिक्समधला नाही. पारापाशी वळताना टेम्पोचं चाक खड्ड्यात गेलं आणि जनरेटरची केबल निसटली. सगळं बंद पडलं. बंद म्हणजे पूर्ण बंद, गाढवाचं ओरडणंही ऐकू आलं. तुम्ही डोळे मिटून नाचत होता. लोक थबकले. मला ग्यानबाच्या मुलाचं लग्न आठवलं, जे मी पाहिलेलंही नाही.

केबल जोडायचं काम माझं होतं. पण तिथपर्यंत जायला वेळ लागला असता आणि तुमचा ठोका तेवढ्यात गेला असता. म्हणून मी टेम्पोच्या पत्र्यावरच हात मारायला सुरुवात केली. तुमचा खांदा त्याला टेकला होता. माप मला पाठ होतं, पाच-सहा संध्याकाळी ते तळहातात बसलं होतं. पुजाने माझ्याकडे पाहिलं आणि शालू सावरून ती नाचू लागली. मग तातेराव. मग भिकाबाईने कुणाच्या तरी हातातली थाळी ओढून घेतली. सगळी वरात नाचू लागली, फक्त तुम्हाला कळू नये म्हणून. दिपाने टेम्पोखाली सरपटत जाऊन केबल बसवली. जोड तिचा, या वेळी खराखुरा.

तेव्हा त्या तुकड्याचे पैसे लागत नाहीत. वाकडातिकडा होता, कारण मी वाजवणारा नाही.

तुम्ही म्हणता, मी नाचत होतो. मी नाचत नव्हतो, मी काम करत होतो. पण एक कबूल करायला हवं. केबल बसली, बेस परत आला, तरी माझे हात थांबले नाहीत. दिपा ओरडली, "काका, झालं, चालू झालं!" मला ऐकू आलं होतं. मी पुढच्या वळणापर्यंत वाजवत राहिलो. टोपी कधी पडली ते माहीत नाही. दगडोबाने ती नंतर आणून दिली.

तळहात अजून जरा दुखतात. पेन धरताना कळतं.

पाहुण्यांच्या गाद्या सकाळपासून गच्चीवर वाळत घातल्या आहेत. सात आहेत. ऊन उतरलं. आता जाऊन एकेक खाली आणतो.

देविदास